आवाज दिलेल्या बाया

समता कॉलोनीतल्या सुनीतीच्या क्लिनिकमध्ये न बोलणारी मुलं टॅबलेटवरच्या चित्राला बोट लावत आणि टॅबलेट त्यांच्यासाठी बोले: पाणी दे, पोट दुखते, बाहेर चल. हे अ‍ॅप ओपन सोर्स होतं. कोणीही फुकट वापरावं, हवी ती भर घालावी. सुनीतीनं या मुलांच्या एकोणीस आयांचे आवाज रेकॉर्ड करून त्यात पाठवले होते. "हे कधीच बंद पडणार नाही," असं प्रत्येकीला छातीठोकपणे सांगून.

सोमवारी सकाळी मेल आली. अ‍ॅप एका कंपनीनं घेतलं होतं. पुढची आवृत्ती विकतची. सुनीतीनं लगेच यशदीपला फोन लावला. तो नोकरी सांभाळून क्लिनिकचे टॅबलेट बघायचा.

"घाबरू नका दीदी. जुनी आवृत्ती खुलीच राहते, ती कोणी परत नाही घेऊ शकत. तिची प्रत आपण वेगळ्या नावानं चालवू." मग तो अडखळला. "पण आवाज पाठवताना तुम्ही एका करारावर टिक केली होती. त्याच्या जोरावर कंपनी ते आवाज विकतच्या आवृत्तीतही घालू शकते."

तो करार सुनीतीनं वाचलाच नव्हता.

तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. गुरुवारी त्या एकोणीस जणींतली इंदू अभनपूर गावाहून आपल्या लेकीला, स्वरदाला घेऊन आली, तेव्हा सुनीतीनं सगळं सांगून टाकलं.

इंदूनं लेकीला जवळ ओढलं. "म्हणजे माझा आवाज विकून राहिले ते. आणि आता तुम्ही नवीन अ‍ॅप काढणार. ते तुम्ही विकलं तर?"

"मी काहून विकीन?"

"तेही असंच म्हणाले असतील ना, दीदी."

सुनीतीला राग आला, आणि लगेच कळलं की इंदूचं चुकलेलं नाही. त्या दुपारी ती यशदीपला म्हणाली, "नव्या प्रतीत आवाजाचा हक्क जिचा तिच्याकडंच राहू दे. अट बदलायची तर एकूणएक बाईचा होकार लागेल."

"एक जरी नाही म्हणाली तर तुम्हीच अडकाल."

"अडकू दे मले."

कागद तयार झाले. अठरा जणींनी सह्या करून दिले. इंदू मात्र "वाचून आणते" म्हणून घरी घेऊन गेली आणि दोन गुरुवार फिरकलीच नाही. फोनही उचलेना. स्वरदाचं येणंच बंद होतं की काय, या धास्तीनं सुनीती दाराकडं बघत बसे.

तिसऱ्या गुरुवारी दोघी आल्या. कागदावर सही नव्हती. खाली पेनानं एक प्रश्न लिहिला होता: मी मेल्यावर माझा आवाज कोणाचा?

"तूच सांग," सुनीती म्हणाली.

"स्वरदाचा. तसं लिहा."

यशदीपनं ते कलम जिच्या तिच्या मुलाच्या नावानं सगळ्यांच्याच कागदात घातलं. इंदूनं सही केली, पण बाकी अठरा सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या, त्यात महिना गेला. या खेपेला सुनीतीनं प्रत्येकीला अख्खा कागद वाचून दाखवला. "कधीच बंद पडणार नाही" हे मात्र तिनं कोणालाच सांगितलं नाही.