तीन कोंगो अन् एक पाना

लग्नाच्या मांडवात पोरीचा बाप जसा उगाचच फिरते, तसा पुंजाराम दुपारपासून त्या तीन कोंगोंभोवती, म्हंजे त्या उभ्या ढोलांभोवती, फिरून राह्यला होता. बसे, उठे, बारक्या कोंगोवर थाप मारे, तोंड वाकडं करे, पान्यानं एखादा नट आवळे, पुन्हा थाप मारे. राजापेठच्या त्या लग्नाच्या हॉलात खुर्च्या लावनारे लोक त्याच्याकडं पाहून एकमेकाले कोपर मारून राह्यले होते. चहा आला, तो तसाच थंडा झाला. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली, अन् न खाताच खिशात घातली.

कारनही तसंच होतं. ऑर्केस्ट्राचा मालक शाहनवाज, पोरगा पस्तिशीचा, पन बोलनं तोलूनमापून. त्यानं सकायीच सांगून टाकलं होतं.

"पुंजारामकाका, तुमी बापासारखे. पन अकोल्यात जे झालं ते इथं नाही पायजे. सहा वाजता मी कोंगो ऐकतो. जमले तं तुमी वाजवा. नाही तं मी पॅड लावतो. अन् मंग आजचंच नाही, पुढंबी पॅडच."

पॅड म्हंजे ते बिजलीवालं. रबराचे चौकोन, दांडीनं ठोकलं का पायजे तो आवाज निंगते. त्याले ना ऊन लागे, ना पानी.

अन् अकोल्यात झालं काय, तं ऑर्केस्ट्राची गायिका दामिनी गात होती. पोरीचा गळा गोड, पन नाजूक. पुंजारामचा बारका कोंगो तिच्या मागं असा काही खडखडला का तिचा सूरच घसरला. तिनं माइक खाली केला अन् मागं वळून पाह्यलं. पब्लिक हसली. पुंजाराम मान खाली घालून वाजवत राह्यला, दुसरं करन काय?

तसा मानूस काही कच्चा नाही. तीस वर्सं तेल्हाऱ्याच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवली. शाहनवाजनंच त्याले चार वर्सांखाली इकडं आनलं, कोंगोवर बसवलं. बारक्या कोंगोची ती कडक थाप म्हंजे त्याचं नाव. तेल्हाऱ्याकडचे लोक दिसले का म्हनत, "पुंजारामभाऊ, होऊ द्या एक कडक!" अन् एक थाप पडली का शिट्ट्या.

आता पाच वाजले होते अन् तीन कोंगो तीन तोंडांनं बोलून राह्यले होते. बारका मस्त टनक लागला का मधला ढिला वाटे. मधला वर ओढला का मोठा डबड्यावानी वाजे. मोठा आवळला का त्याचं पोटच, म्हंजे घुमाराच, जाये, अन् तो मधल्यासारखाच बोले. मंग पुन्हा बारका आवळा. अशा पाच फेऱ्या झाल्या. बोटाले फोड आला.

"काका, मी पॅडची वायर टाकून ठेवतो," शाहनवाज स्टेजच्या दुसऱ्या टोकावरून म्हने. "वाजवाचंच असं नाही."

"टाक नं. मी कुठं तुहा हात धरला?" पुंजाराम म्हने.

त्यानं हॉलच्या मागं जाऊन अकोल्याले अकीलाआपाले फोन लावला. हे कातडे तिच्याच घरचे. मढवे तिचा नवरा गयासुद्दीन, पन कोनतं कातडं कोनत्या तोंडाले जाईन, हे आपा टिचकी मारून सांगे. पुंजाराम फोन घेऊन परत आला, कोंगोपाशी धरला अन् तिन्ही वाजवून दाखवले.

"हाय अल्ला," तिकडून आवाज आला. "बारका तं चिल्लावून राह्यला रे. कोनी त्याचं शेपूट धरलं का?"

"कडक आहे आपा."

"कडक नाही, बेजार आहे. मोठा वाजव. वाजवला? मले तं ऐकूच नाही आला."

"फोनमध्ये नाही येत तो."

"पुंजाराम, मले शिकवू नको. पोट असन तं थोडा तं येईन. तू सुरू कुठून केलं?"

"बारक्यापासून. दुसरं कुठून करतेत? ढोलकीची बारीक बाजू पयले लावाची, मंग धुम, म्हंजे जाडी बाजू, तिच्या हिशोबानं."

आपा हसली, खोकलली, मंग म्हने, "ढोलकी एक अंग, दोन तोंडं. हे तीन वेगवेगळे धड आहेत बापू. घरात म्हातारा कुठं बसला ते पाहून बाकीच्या खाटा टाकतेत का पोराची खाट पाहून म्हाताऱ्याले उठवतेत? सगळे ढिले कर. मोठ्यापासून लाव."

"सगळे? आपा, पाऊन तास राह्यला!"

"मंग बोलून कावून राह्यला?"

फोन कटला. पुंजारामनं इकडंतिकडं पाह्यलं अन् नट ढिले करासाठी पाना लावला. दुपारभराची मेहनत सोडाची म्हनलं का हात जड होते. तिन्ही कातडे ढिले पडले. खुर्चीवाला एकजन म्हने, "काका, आता तं बिलकुलच गेलं!"

मोठा घेतला. एक नट, मंग त्याच्या समोरचा, मंग बाजूचा, अर्धा अर्धा फेरा. तळवा मधोमध टेकवला. आवाज जमिनीतून येऊन पायाले लागला. तिथंच थांबला. मधला घेतला. मोठ्यावर एक, मधल्यावर एक, जसा मानूस एक पायरी चढला. आता बारका. अजून एक पायरी, बस. पन हात काही आयके ना. पाना नटावरच. अजून एक फेरा दिला का ती कडक थाप, त्या शिट्ट्या. त्यानं पाव फेरा देल्ला. थाप मारली. बारका एकटाच पुढं पयाला. पुंजारामनं सोताच्याच हाताले शिवी हासडली अन् पाव फेरा मागं घेतला.

सहा वाजले. शाहनवाज आला, दामिनी आली. पुंजारामनं मोठ्यापासून सुरू केलं. दामिनीनं गान्याची ओळ उचलली, अन् उचलून तशीच गेली, मागं न पाह्यता. ओळ संपल्यावर म्हने, "काका, आज तुमी माह्या अंगावर नाही येऊन राह्यले."

शाहनवाज म्हने, "तुमची ती कडक थाप गेली."

"गेली."

"लोक मागतीन."

"मागू दे," पुंजाराम म्हने अन् पाना खिशात टाकला.

शाहनवाजनं डोकं खाजवलं. "बरं. दोन गाने पॅडवर, बाकी तुमी."

"एक."

"काका, दोन."

"एक म्हनलं नं! वायर टाकली म्हनून एक. ते पन जेवनाच्या टायमाले."

दामिनी तोंडावर पदर धरून हसली. शाहनवाज "चला, एक" म्हनत खाली उतरला. बाहेर मोर्शीहून वऱ्हाडाची गाडी आली होती, दारं आपटून राह्यली होती. पुंजारामनं पुडी काढली, तोंडात एक चिमूट टाकली, अन् मोठ्यावर तळवा ठेवून पुन्हा ऐकाले लागला.