मॅव्हिसच्या तळ्यातला पाइप

"आपल्या तळघरातला पंप कधीपासून बंद आहे रे?" व्हर्नानं विचारलं.

ऑरिन मागच्या दाराच्या पायरीवर बसून छातीपर्यंत येणारे रबरी बूट चढवत होता. "असेल वसंतापासून."

"या वसंतापासून की गेल्या?"

तो उठला. वळ्यावळ्यांच्या काळ्या प्लास्टिक पाइपचं भेंडोळं त्यानं ट्रकच्या मागे टाकलं, त्यावर कुंपणाची तार टाकली.

"स्वतःच्या घरात बेडूक पोहतायत, आणि साहेब शेजारणीचं पाणी काढायला चाललेत."

"तिच्या विहिरीत तळ्याचं पाणी शिरलंय, व्हर्ना. उकळून पितेय बिचारी."

"बिचारी," व्हर्ना म्हणाली. एखादा खवट दाणा थुंकावा तसा तिनं तो शब्द टाकला.

बिचारी म्हणजे मॅव्हिस. गवताच्या कुरणापलीकडचं पिवळं घर तिचं. नवरा जाऊन दोन हिवाळे झाले, पण बाई अजून तळ्यावर जातानासुद्धा ओठ रंगवून जाते. तिच्या ओढ्यावर बीव्हर या पाणप्राण्यांच्या एका जोडप्यानं झाडं कुरतडून बांध घातला, तळं फुगलं, पाणी विहिरीपर्यंत आलं. व्हर्नाला विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं, बटाटे काढायचा आकडा घ्या आणि बांध उपसून टाका. तिचं सगळं आयुष्य व्हरमाँटच्या या डोंगरात तेच करण्यात गेलं होतं. उपसलेला बांध बीव्हर रात्रीत परत बांधतात हे तिला ठाऊक होतं. मग सकाळी परत उपसायचा. त्यात एवढं काय?

पण मॅव्हिसनं व्हर्नाला विचारलंच नव्हतं. तिनं ऑरिनला विचारलं होतं.

ऑरिन हा न बोलणारा माणूस. घरात त्याचे शब्द तीनच: हं, बघू, मीठ दे. व्हर्नानं तीन मुलं वाढवली, सासूची आजारपणं काढली, गाईगुरं पाहिली, आणि या सगळ्यात बोलायचं कामही तिनं एकटीनं केलं. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. काही माणसं असतातच अशी, असं ती सुनांना सांगायची.

मग गुरुवारी ती दोरीवर चादरी वाळत घालत होती. वारा तळ्याकडून येत होता. कुरणापलीकडून कुणीतरी पुरुष मोठ्यानं हसला, मोकळं, पोटातून. मॅव्हिसकडे कोण पाहुणा आलाय, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. हातातला चिमटा दोरीवर बसायच्या आधी तिच्या लक्षात आलं की तो आपला नवरा आहे.

त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला ते कळलं नाही.

शनिवारी तिनं काकवी घालून रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलेला घेवडा भांड्यासकट टोपल्यात घेतला, सोबत ब्राउन ब्रेड घेतला, आणि ओल्या गवतातून तरातरा तळ्यावर गेली. नवऱ्याला गरम जेवण पोचवायला कुणाची परवानगी लागत नाही.

मॅव्हिस उलट्या बादलीवर बसली होती, मांडीवर थर्मास. ऑरिन छातीभर पाण्यात.

"ये ये, व्हर्ना," मॅव्हिस म्हणाली. "बघ तुझ्या नवऱ्याची काय दैना झालीय. पाइप बुडतच नाही."

"तू बसलीयेस ना देखरेखीला. मग कसा बुडेल?"

मॅव्हिस हसली. तिला टोमणे लागत नसत, हाही तिचा एक आगाऊपणा.

"आधी बसवलेल्या पाइपचं काय झालं?" व्हर्नानं विचारलं.

"तुंबवला त्यांनी," पाण्यातून ऑरिन म्हणाला. "तोंड बांधाजवळच ठेवलं मी. चुकलं माझं. बीव्हरला वाहत्या पाण्याचा आवाज सहन होत नाही. आवाज आला की तिथं जाऊन चिखल कोंबतो. म्हणून आता तोंड आत, खोल पाण्यात. भोवती तारेचा पिंजरा. आवाजच नाही झाला तर त्याला कळणार नाही पाणी कुठून जातंय. बांधात पाइप ज्या उंचीवर बसवू, तेवढंच पाणी तळ्यात राहील."

व्हर्ना बघतच राहिली. एवढं तो घरी महिन्याभरात बोलत नसे. आणि हे तो तिच्याकडे बघून नाही, दोघींच्या मधल्या हवेकडे बघून बोलला होता.

पाइप पाण्यावर नुसता वळवळत होता. हे टोक दाबलं की ते वर येई. ऑरिननं सिमेंटचा ठोकळा बांधायचा प्रयत्न केला, पाइप हातातून निसटला. त्याला धाप लागली होती. ओठ निळसर दिसत होते.

"आत हवा आहे," व्हर्ना म्हणाली.

"ठाऊक आहे. वरून भोकं पाडायची राहिली."

व्हर्नानं टोपलं खाली ठेवलं, बूट काढले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली. पाणी असं थंड की तिच्या तोंडून काही भलतंसलतं निघणार होतं, पण मॅव्हिससमोर तिनं ते गिळलं. ती पाइपवर आडवीच पडली. जन्मभर ज्या वजनावरून मुलांनी तिला चिडवलं ते एकदाचं कामाला आलं. बुडबुडबुड करत हवा निघाली, पाइप पाणी प्यायला आणि तळाला बसला. ऑरिननं ठोकळा लावला. त्यानं न बघता हात मागे केला, व्हर्नानं त्यावर पक्कड ठेवली. परत हात मागे आला, तिनं तार दिली. त्याच्या कोपराखाली खांदा घालून तिनं पिंजरा उचलला. तो डावीकडे सरकला तशी तीही सरकली. बांधातल्या खाचेत पाइप बसला, पलीकडे पाणी पडू लागलं, आणि दोघं काठावर आली. ऑरिननं टोपल्यातला घेवडा उभ्याउभ्याच संपवला.

मॅव्हिसनं तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. व्हर्नाला ती झटकायची होती, पण दात वाजत होते.

"तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत," मॅव्हिस म्हणाली.

"कामात काय बोलायचं?"

"माझा हॅल आणि मी जन्मभर बोलतच राहिलो. पण त्यानं पक्कड मागितली की मी हातोडी द्यायचे." तिनं थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "हेवा वाटला मला, खोटं कशाला सांगू."

हे ऐकून व्हर्नानं अभिमानानं फुगायला हवं होतं. कुरणातून परत येताना ती फुगायची वाट बघत होती. ते काही जमेना.

"गुरुवारी कशाला हसत होतास?" तिनं विचारलं.

"कधी?"

"गुरुवारी. तळ्यावर. तिच्याबरोबर."

ऑरिननं खरोखर विचार केला. "आठवत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

"मग मला सांग काहीतरी."

"काय?"

"काहीही."

तो चालत राहिला. कुंपणाच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. फाटक उघडून त्यानं तिला आधी जाऊ दिलं. मग म्हणाला, "घेवडा छान झाला होता."

पुढच्या आठवड्यात मॅव्हिसचा फोन आला. पाणी उतरलं, विहीर निवळली, बीव्हर बांधाभोवती नुसते चकरा मारतात. आता यायची गरज नाही, ऑरिनला धन्यवाद सांग. व्हर्नानं निरोप दिला. ऑरिन "हं" म्हणाला. त्याच सकाळी त्यानं तळघरातला पंप उघडून दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी फाटकाची बिजागरी बदलली. तिसऱ्या दिवशी करायला काही उरलं नाही, तेव्हा टोपी घालून दारापर्यंत गेला, परत आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि टेबलाशी बसला.

व्हर्ना सफरचंदं सोलत होती. तिला हवं होतं ते सगळं तिच्या स्वयंपाकघरात बसलं होतं. म्हातारं, गप्प, टेबलावर दोन्ही हात ठेवून.

तिनं आणखी एक सफरचंद सोललं.

"मेपलची पानं गळायला लागलीत," ती म्हणाली. "त्या पिंजऱ्याला अडकली असतील."

"तिनं काही कळवलं नाही."

"तिला काय डोंबल कळतंय? पाइप तुंबल्यावर कळवेल. जाऊन बघून ये."

तो उठला. त्याच्या वयाच्या माणसानं उठावं त्यापेक्षा जरा लवकर उठला, आणि व्हर्नानं ते पाहिलं. टोपी घेऊन दाराशी गेल्यावर, कडीवर हात ठेवून तो थांबला.

"तू येतेस?"

"मला कामं आहेत," व्हर्ना म्हणाली. "आणि गळ्याला मफलर घे."

तो गेला. पायऱ्या, मग खडी, मग गवत. पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर ती उठली. हवा सुरेख होती, वारा तळ्याकडूनच येत होता, कुरणाकडची खिडकी सकाळपासून उघडीच होती. तिनं ती ओढून घट्ट लावली, ॲप्रनला हात पुसले आणि परत सफरचंदांशी बसली.