दुसरा थर

काशीनाथ परभणीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. त्याची बायको कावेरी त्याच विभागात होती. कॉलेजच्या मागच्या बाजूला मोडकी बाकं टाकायची एक खोली होती, ती काशीनाथनं प्राचार्यांच्या मागं लागून मिळवली, खिडकीला काळा कागद चिकटवला आणि तिथं आपलं काम मांडलं.

गाण्यांच्या कॉम्पॅक्ट डिस्क तेव्हा नुकत्याच कुठंकुठं दिसायला लागल्या होत्या. त्या चकतीवर माहितीचा एकच थर असतो. नजरेला न दिसणाऱ्या बारीक खड्ड्यांच्या ओळी, आणि लेसरचा किरण त्या वाचत जातो. काशीनाथचं म्हणणं होतं, एकाच चकतीत एकाखाली एक असे दोन थर बसवता येतील. वरचा थर इतका पातळ ठेवायचा, की थोडा प्रकाश परतेल आणि उरलेला पार होऊन खालच्या थरावर पडेल. भिंग केसभर वरखाली सरकवलं, की हवा तो थर वाचता येईल.

"विहिरीत वाकून बघतेस ना," तो कावेरीला सांगायचा, "पाण्यावरचं पान बघायलीस तर तळ दिसत नाही. तळ बघायलीस तर पान अंधुक होतंय. पाणी तेच, नजर तीच."

दोन जमले तर पुढं चार जमतील, दहा जमतील. निजामाच्या काळापासूनचे जिल्ह्याचे सगळे उर्दू-मराठी कागद एका चकतीत मावतील, असं तो म्हणायचा. अमेरिकेत, जपानात लोक याच मागं लागलेत हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळं तो कायम घाईत असायचा.

खालच्या थराचा सिग्नल मात्र येत नव्हता. वरच्या थराची सावली त्याच्यात मिसळायची. काशीनाथ दोन थरांमधलं अंतर बदलायचा, भिंग बदलायचा, पुन्हा जुळवायला बसायचा.

त्याचा लेसर डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा होता. लख्ख उजेड डोळ्यात गेला की पापणी आपोआप मिटते. या किरणाला ती मिटत नाही. त्यासाठी खास चष्मा लागतो. त्याच्या संशोधनाचे पुण्याचे मार्गदर्शक पाठवतो म्हणाले आणि विसरून गेले. काशीनाथनं आठवण केली, वाट बघितली आणि मग बिनचष्म्याचं काम सुरू ठेवलं.

दिवाळीनंतर त्यानं वर्तमानपत्र वाचायचं सोडलं. परीक्षेचे पेपर तपासायला तो कावेरीकडं द्यायला लागला. वर्गात तो फळ्यावर लिहीनासा झाला, नुसता बोलायचा. कामाच्या नादात असेल, असं तिला वाटलं. एकदा सकाळी चहा देताना ती त्याच्यासमोर उभी राहून उगीच हसली. तो तिच्याकडंच बघत होता, पण त्याचा चेहरा हलला नाही.

"मी हसले तुमच्याकडं बघून," ती म्हणाली.

"हसलीस?"

तिनं कप खाली ठेवला. "अहो, काय झालंय तुमाला?"

मग त्यानं सांगितलं. किरण बंद आहे असं समजून त्यानं जुळवणी बघायच्या नळीला उजवा डोळा लावून बघितलं होतं. दुखलं नाही, काही कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी जिथं बघावं तिथं मधोमध राखेसारखा डाग.

"आणि डावा?"

"उजवा गेल्यावर डाव्यानं जुळवायला लागलो. त्याच्यातबी आलाय. कडेकडेनं दिसतंय सगळं. तुझे खांदे दिसायलेत, केस दिसायलेत."

लग्नाला जातो असं सांगून दोघं औरंगाबादला डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा जळालेला भाग परत येत नाही. गाडी चालवायची नाही, आणि लेसरजवळ पुन्हा जायचं नाही.

परतीच्या एसटीत काशीनाथ म्हणाला, "फेब्रुवारीत पुण्याहून माणसं काम बघायला येणारेत. तेवढं होऊ दे. आत्ता कळलं तर प्राचार्य खोलीला कुलूप लावतील."

कावेरीनं नाही म्हणायला हवं होतं. पण रात्रंदिवस तिनंही त्या कामाचीच स्वप्नं बघितली होती. तिनं कबूल केलं. आता जुळवायला ती बसायची, नळीला डोळा न लावता, आणि तो शेजारी उभा राहून सांगायचा. डिसेंबरात एका दुपारी तिनं भिंग खाली सरकवलं आणि सिग्नल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर खालच्या थराची रेघ उमटली. स्वच्छ, वरच्याची सावली नसलेली. ती ओरडलीच. "आला! दुसरा थर आला!" काशीनाथनं पडद्याला नाक लावलं, मान तिरपी करून कडेनं बघितलं, आणि तिचा हात दाबून धरला. लग्न झाल्यापासून इतका आनंद त्या दोघांना कधी झाला नव्हता.

जानेवारीत संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. कुठं मिठाई वाटली गेली, कुठं बंद पुकारले गेले. एसटी सुटेल की नाही याचा भरवसा राहिला नाही. त्याच आठवड्यात पेडगावहून निरोप आला, कावेरीची आई नर्मदाबाई तापानं फणफणलीय.

"बस सुरू झाली की जाते," कावेरी म्हणाली.

"कधी सुरू होईल कुणाला ठाऊक. मोटरसायकल आहे की. तू मागं बसून सांग, मी चालवतो." बाजारापर्यंत दोनदा दोघं अशीच गेली होती. तिला गाडी चालवता येत नव्हती. आईची काळजी लागून राहिली होती. ती मागं बसली.

रस्ता मोकळा होता. ती त्याच्या कानाशी बोलत होती. "डावीकडं खड्डा. पुढं बैलगाडी, उजवीकडून काढा. आता मोकळं." पेडगावची झाडं दिसायला लागली तेव्हा समोरून ट्रक आला आणि धुळीचा लोट उठला. कावेरीनं पदर तोंडावर घेतला, डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला गेली होती आणि कापसाच्या पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई अगदी समोर होती.

"थांबा!" ती किंचाळली. तोवर झालं होतं.

बाई रस्त्याच्या कडेला पडली होती, पऱ्हाटी सगळीकडं विखुरली होती. कावेरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओळखलं. सरजाबाई होती ती. पेडगावच्या भीमनगरातली, कावेरीच्या वडलांच्या रानात वर्षानुवर्षं कापूस वेचायला येणारी. कावेरी तिला सरजामाय म्हणायची.

"कोण हाय?" सरजाबाईनं विचारलं.

"मी कावेरी, माय. माणिकरावाची लेक."

"माय गं, लय दुखायलंय," सरजाबाई म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

काशीनाथ गुडघ्यावर बसून हातानं रस्ता चाचपत होता. "कुठं आहे? कावेरी, कोण आहे?"

सरजाबाईला वाटेनं आलेल्या जीपमधून परभणीच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस ती बेशुद्ध होती. मग गेली.

गावात तोवर वेगळंच उठलं होतं. नामांतराचा राग मनात धरून माणिकरावाच्या जावयानं भीमनगरातल्या बाईच्या अंगावर गाडी घातली. रस्ता रुंद, दुपारची वेळ, वळण नाही, झाड नाही. त्याला बाई दिसली नाही, हे कोण मानणार? भीमनगरातली माणसं चावडीपुढं जमली. दुसऱ्या बाजूची पोरंही काठ्या घेऊन मारुतीच्या पारावर बसायला लागली. सरजाबाईचा मुलगा सूर्यभान परभणीत गवंडीकाम करायचा. तो दवाखान्यात भिंतीला टेकून बसून होता.

कावेरीचे वडील माणिकराव परभणीला आले. त्यांनी दार लावून घेतलं. "बाई भारा घेऊन एकदम आडवी आली, असं बयान द्यायचं. हवालदारानं तसंच लिहिलंय. मामला आठ दिवसात थंड होतोय."

काशीनाथ खाली बघत बसला होता. तो नाहीही म्हणाला नाही.

"दादा, ती कडेनंच चालली होती," कावेरी वडलांना म्हणाली.

"तू गप बस. नवऱ्याला जेलात घालायचंय का? गावात डोकी फुटायची वेळ आलीय आन् तू कडेचं काय सांगायलीस?"

माणिकराव गेल्यावर ती काशीनाथकडं वळली. "तुमचे डोळे गेलेत हे सांगितलं तर निदान गाव तरी पेटणार नाही."

"फेब्रुवारीपर्यंत थांब," तो हळूच म्हणाला. "नंतर मीच सांगतो. शपथ घेतो."

कावेरीनं चपला घातल्या आणि दवाखान्याकडं चालायला लागली. सरजाबाईचा देह मिळायचा होता. सूर्यभान व्हरांड्यात होता, त्याच्याबरोबर भीमनगरातले पाचसहा जण. तिला बघून ते उठले.

"मला याच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. कुणी हललं नाही, तेव्हा तिनं सगळ्यांसमोरच सांगितलं. अंधाऱ्या खोलीतलं काम सांगितलं, न दिसणारा किरण, जळालेले डोळे, औरंगाबादचा डॉक्टर. ती मागं बसून रस्ता सांगत होती आणि धूळ आली म्हणून तिनं डोळे मिटले, हेही सांगितलं.

ती थांबल्यावर सूर्यभान म्हणाला, "तुमाला म्हाईत होतं त्याला दिसत न्हाई?"

"हो."

"आन् तरी बसलात मागं."

"बसले."

"जातीपायी मारली म्हणलं असतं तर लोकं मागं उभी ऱ्हायली असती," सूर्यभान म्हणाला. "आता काय सांगू लोकायला? मशिनीपायी मेली माय? कशाची मशीन, ते तरी मला सांगता येतंय का?"

कुणीतरी म्हणालं, ही खोटं बोलायली, नवऱ्याला वाचवायला आलीय. सूर्यभाननं त्याच्याकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "खोटं असतं तर स्वतःचं नाव कशाला घेतलं असतं?"

त्यानं भीमनगरात जाऊन जे ऐकलं तेच सांगितलं. निघायचा मोर्चा निघाला नाही. पारावरची पोरंही हळूहळू उठून घरी गेली. सरजाबाईला शांतपणे माती दिली. त्या दिवशी पेडगावात एकाचंही डोकं फुटलं नाही, पण त्याबद्दल कुणी सूर्यभानचं नाव घेतल्याचं कावेरीच्या ऐकण्यात आलं नाही.

घरी आल्यावर तिनं काशीनाथला सगळं सांगितलं. तो संतापानं उठला, खुर्चीला अडखळला.

"दोन आठवडे! दोन आठवडे थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तिथं सूर्यभान मायचा देह घ्यायला बसला होता," ती म्हणाली. "त्याला काय सांगू, दोन आठवडे थांब?"

काशीनाथ भिंतीला हात लावून उभा राहिला. मग आत जाऊन पडला. जेवायलाही उठला नाही. सकाळी आंघोळ करून, कपडे घालून तो दाराशी आला. शर्टाची गुंडी चुकलेली होती.

"मला ठाण्यात घेऊन चल."

ठाण्यातला फौजदार त्याचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. "सर, कागद तयार झालेत. बाईचीच चूक म्हणून लिहिलंय. तुमी कशाला नवीन काढायलात?"

"खोटं लिहिलंय ते," काशीनाथ म्हणाला. "डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हणलं होतं. मी चालवली. हे लिहून घे."

फौजदारानं कावेरीकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं नवा कागद घेतला.

त्याच आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. पुण्याची माणसं आलीच नाहीत. मार्गदर्शकांचा एक माणूस येऊन लेसर, भिंगं आणि दोन थरांच्या चकत्या खोक्यात भरून घेऊन गेला. जुळवणी कशी करायची ते त्यानं विचारलं तेवढं कावेरीनं सांगितलं. माणिकरावांनी लेकीला घरी यायला बंदी केली. नर्मदाबाई बरी झाली, पण कावेरीला आईला बघता आलं नाही.

कोर्टात काशीनाथनं गुन्हा कबूल केला. वकील न देताच उभा राहिला होता. शिक्षा झाली, नोकरी गेली. सूर्यभान त्या दिवशी कोर्टात होता. निकाल ऐकून तो खाली मान घालून निघून गेला.

कावेरी कॉलेजात शिकवत राहिली. भेटीच्या दिवशी ती जेलात जायची. जाळीपलीकडं काशीनाथ मान तिरपी करून उभा राहायचा. पहिल्या काही भेटींत तो चकत्यांबद्दल विचारायचा. पुण्यात पुढं काही झालं का, कुठं छापून आलं का. मग त्यानं ते विचारणं सोडलं. पावसाळ्यातल्या एका भेटीत तो जाळीला बोटं अडकवून उभा राहिला.

"सूर्यभान दिसतोय का कधी?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी दिसला. स्टेशन रोडला भिंत बांधायला होता."

"मग?"

"मी थांबले. त्यानं बघितलं."

"काही बोलला?"

"नाही. थापी घेतली आणि कामाला लागला."

काशीनाथनं मान हलवली. शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. कावेरीनं आणलेला डबा शिपायाच्या हातात दिला, छत्री उघडली आणि बाहेर पडली.