कातळावरच्या खांबाचा सूड

खांब एक. पाट्या दोन. पाट्यांवर दोन्ही बाजूंनी कोरलेली अक्षरे, म्हणजे चढणाऱ्यालाही वाचता यावीत आणि उतरणाऱ्यालाही. स्क्रू आठ. कातळात पुरलेली एक लोखंडी नळी आणि मी तिच्यात फिरू नये म्हणून आरपार ठोकलेली एक खीळ. मित्रांनो, मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा एवढेच होते. आता मी जुना झालो आहे. एक स्क्रू कमी झाला आणि एक गोष्ट वाढली. ती म्हणजे राग.

माझी जागा डोंगराच्या कमरेवर, एका सपाट कातळावर आहे. कातळावर माती नाही, त्यामुळे पायवाट उमटत नाही. इथे आलेल्या माणसाला निवड करावी लागते. डावीकडची वाट लांब, पण सोपी. उजवीकडची तिच्या निम्मी, पण शेवटी उभा कडा आणि साखळी धरून चढायचे. दोन्ही वाटा शिखरावर जातात. तिथून म्हणे सात तळी एकदम दिसतात. मी ती कधी पाहिली नाहीत.

मला उभे केले मोजणीच्या बाईंनी. चाकाची काठी ढकलत त्यांनी दोन्ही वाटा दोन-दोनदा मोजल्या. बरोबरचा सुतार वैतागला होता.

"बाई, झालं की एकदा मोजून! डोंगर काय रातोरात लांबतो?"

"एकदा मोजलेलं ऐकीव असतं, मामा," बाई म्हणाल्या. मग नळीच्या लोखंडाने होकायंत्राची सुई चळू नये म्हणून त्या पाच पावले दूर गेल्या आणि सोप्या वाटेच्या पाटीची दिशा घेतली. तीनशे बारा अंश. तेवढे वहीत लिहून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटले. "नीट उभा राहा हं."

मी नीट उभा राहिलो. चार वर्षे माझ्याकडे पाहून लोक वाट निवडत होते, आणि उतरताना कोणी ना कोणी म्हणे, "पाटी अगदी बरोबर आहे हो!" मला दुसरे काही नको होते.

पण माझ्यामुळे एकाचे काम कमी झाले. तो वाटाड्या होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. एका सकाळी तो एकटा आला, खीळ उपटली, मला नळीत बरोबर अर्धा फेरा फिरवला आणि खीळ परत ठोकली. दोन्ही बाजूंनी अक्षरे असल्याने कोणाला काही वेगळे दिसेना. सोपी वाट आता उजवीकडे दिसू लागली. लोक साखळीपाशी अडकत, घाबरून उतरत आणि दुसऱ्या दिवशी वस्तादला घेऊन येत. तो मला टपली मारून म्हणे, "पाटीवर काय विसंबता? माणसावर विसंबा!"

वर्षातून एकदा खात्याचा कारकून तपासणीला येई. त्याच्या कागदावर रकाने तीनच होते: खांब आहे का, पाट्या आहेत का, अक्षरे वाचता येतात का. तो तिन्हींपुढे 'होय' लिही आणि डबा खाऊन उतरे.

मग एक आजोबा नातीला घेऊन आले. "माझ्या गुडघ्यांना जिना चालतो, शिडी नाही," असे म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहून सोपी वाट निवडली. पाटी चुकायची नाही, असे मानून त्यांनी साखळीही धरली आणि त्यांचा हात सुटला. नात सहा तास हाका मारत होती, आणि त्यातली प्रत्येक हाक मला ऐकू येत होती. आजोबा वाचले, पण पुन्हा काठीशिवाय चालले नाहीत.

चौकशी झाली, ती खाली कचेरीत. वर कोणी आले नाही. "खांब पहिल्यापासूनच उलटा होता, मीच तो सरळ केला," असे वस्तादने सांगितले, आणि खरेच मला सरळ करून तो शाबासकी घेऊन गेला. बाईंच्या वहीतले तीनशे बारा कोणी ऐकले नाही. त्यांना डोंगरावरून काढून दप्तराच्या खोलीत बसवले. तीन आठवड्यांनी वस्तादने मला पुन्हा फिरवले. तेव्हापासून तपासणीआधी मला सरळ करायचे आणि कारकून उतरला की पुन्हा फिरवायचे, हा त्याचा नेम झाला.

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारख्याने क्षमा करावी, असे तुम्ही धड्यात वाचले असेल. मी केली नाही. मी नऊ वर्षे वाट पाहिली.

मग एका संध्याकाळी बाई रजा काढून स्वतःच वर आल्या. केस पांढरे झाले होते, वही तीच होती. त्यांनी दिशा घेतली. एकशे बत्तीस. पुन्हा घेतली. पुन्हा एकशे बत्तीस. खिळीभोवतीचे ताजे ओरखडे त्यांनी नखाने चाचपले.

"चूक होते ती पाच-सात अंशांची," त्या हळूच म्हणाल्या. "बरोबर एकशे ऐंशी अंशांची चूक कोणी करत नाही. ती कोणीतरी केलेली असते."

त्यांनी मला सरळ केले आणि नवी खीळ घट्ट ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके इतके दाट होते, की चार पावलांपलीकडचे दिसत नव्हते. त्याच दिवशी वस्तादची परीक्षा होती. सोप्या वाटेने खात्याच्या साहेबांना दोन तासांत शिखरावर नेले, तर तो डोंगरावरचा मुख्य वाटाड्या होणार होता. कातळावर दिसत होतो तो फक्त मी. त्याने माझ्याकडे पाहिले, ओळखीचे हसला आणि मी दाखवत होतो त्याच्या बरोबर उलट वळला.

मी शेवटच्या स्क्रूपर्यंत सुखावलो.

पाऊण तासाने सगळे परतले. साहेब धापा टाकत होते. बाई नळीपासून पाच पावलांवर बसल्या होत्या. काल मला सरळ केल्यावर मोजणे एकदाच झाले होते, म्हणून त्या दुसऱ्यांदा मोजायला आल्या होत्या.

"अहो वस्ताद, आम्ही थेट साखळीला जाऊन थडकलो!" साहेब म्हणाले. "सोपी वाट डावीकडे, असं इथे स्वच्छ लिहिलंय. तुम्ही उजवीकडे का नेलंत?"

"साहेब, ती पाटी उलटी आहे!"

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? परवाच तर मी…"

पुढचे शब्द त्याने गिळले. वस्ताद माझ्या खिळीकडे बघत राहिला. ती नवी होती.

मित्रांनो, डोंगरावर पाटी दिसली तर तिला हात लावू नका. तिच्या शब्दावर कोणाचे तरी गुडघे चालत असतात. आणि लाकूड बोलत नाही म्हणून ते विसरते, असेही समजू नका.

साहेबांनी बाईंकडून होकायंत्र घेतले आणि सोप्या वाटेच्या पाटीची दिशा स्वतः दोनदा पाहिली. पहिल्यांदा तीनशे बारा अंश. दुसऱ्यांदा तीनशे बारा अंश.