एकोणतीसचा पाढा

"भाविक," ताई म्हणाली. "तिसऱ्या ओळीत भाविक कोर. चार वाजता टेम्पो येतोय."

मी छिन्नी पुसत राहिलो. आईच्या कबरीच्या दगडावर नाव झालं होतं, सालं झाली होती. तिसरी ओळ तेवढी कोरी होती आणि आठवडाभर मी ती टाळत आलो होतो. आता एक वाजून गेला होता.

"नुसतं 'आई' कोरलं तर?"

"नुसतं? पाच वाजता कबरीपाशी प्रार्थनागृहातली झाडून सगळी माणसं येणार आहेत. त्यांना काय वाटेल?"

मी तीस वर्षं दगडावर अक्षरं कोरतोय. सुरुवातीला लोक सांगतील ते मुकाट्यानं कोरायचो. एकदा एका गृहस्थांच्या दगडावर 'प्रेमळ पिता' कोरलं. दगड बसवला तेव्हा त्यांची मुलगी पुढं आली आणि त्या दोन शब्दांवर चपलेचा पाय ठेवून शांतपणे उभी राहिली. कुणी तिला हटकलं नाही. त्या दिवसापासून मी नियम केला. नाव आणि साल बिनबोभाट कोरायचं, पण माणूस कसा होता ते कोरायचं असेल तर घरच्यांनी एक तरी प्रसंग सांगायचा. बाजारात मला पाठीमागं 'उलटतपासणी' म्हणतात. म्हणोत बापडे. दगडाला खोडरबर नसतं.

"प्रसंग सांग," मी म्हटलं.

ताई स्टुलावरून उठलीच. "मला विचारतोस? सख्ख्या बहिणीला? आईचा पुरावा मागतोस?"

"सगळ्यांनाच मागतो."

"अकरा वर्षं एक आठवडा चुकवला नाही तिनं. पाऊस असो, गुडघे सुजलेले असोत. दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी."

"ती हजेरी झाली, ताई. हजेरीपटावर लिहितात ती."

असं बोलायला नको होतं. ताईचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. "तुला देव मान्य नाही, ठीक आहे. मी कधी तुझ्या मागे लागले? पण त्याचा राग आईच्या दगडावर काढू नकोस."

राग नव्हता. भीती होती, आणि ती ताईला सांगता येत नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी आमचा धाकटा भाऊ तापानं गेला. चार दिवसांत. त्या चार दिवसांत आईनं पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नाही, सारखी प्रार्थना करत होती. नंतर महिन्याभरानं ती आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. मान वर न करता ती म्हणाली, "माझ्याच्यानं आता प्रार्थना होत नाही रे. शब्दच येत नाहीत. तिथं जाते, बसते, ओठ हलवते. पाढे म्हणते मी." मला हसू आलं, तर तिनं माझं मनगट धरलं. "ताईला कळू देऊ नकोस. तिचा सगळा जीव त्या प्रार्थनेत आहे. माझ्याकडं बघून ती उभी आहे."

मी शब्द दिला होता. आता 'भाविक' कोरलं तर माझ्याच हातानं, माझ्याच आईच्या छातीवर खोटं कोरल्यासारखं होतं. आणि न कोरण्याचं कारण सांगितलं तर ताईची अकरा वर्षं मातीत जाणार होती.

"तुला सगळं माहीत नाही, ताई," माझ्या तोंडून निसटलं.

"काय माहीत नाही?"

मी हातोडी उचलली, परत खाली ठेवली. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. ताई माझ्याकडं टक लावून बघत होती.

"पाढे ना?" ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? शेजारी बसत होते ना मी. कान आहेत मला." ती परत स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातपाय गार पडले माझे. सारखं वाटायचं, विचारावं. मग वाटायचं, विचारलं तर ती यायचीच बंद होईल. घरात बसेल एकटी, भिंतीकडं बघत. म्हणून गप्प बसले."

"आणि तरी म्हणतेस, भाविक कोर?" माझा आवाज चढला. "माहीत असून?"

"माहीत आहे म्हणूनच म्हणते! प्रसंग हवा ना तुला? मग ऐक आता." तिनं नाक पुसलं. "एकोणतीसच्या पाढ्यावर तिची गाडी अडायची. दर वेळी. एकोणतीस चोकला. थांबायची, डोळे गच्च मिटायची आणि हळूच म्हणायची, 'चुकले हं.' मग परत एकोणतीस एके एकोणतीस. आधी मला वाटलं, मलाच म्हणतेय. एकदा मी पाणी प्यायला उठले. मागून आले, तर माझ्या रिकाम्या जागेशेजारी तिचं तसंच चाललेलं. 'चुकले हं. परत म्हणते.' कुणाला म्हणत होती रे ती?"

मी छिन्नी दगडावर ठेवली.

"आपण एकटे असताना पाढा चुकलो तर पुढं जातो, नाहीतर सोडून देतो. माफी कुणी मागत नाही. पोटचं पोर नेलं त्यानं, आईला त्याच्याशी एक शब्द बोलवत नव्हता. तरी दर आठवड्याला जाऊन समोर बसायची. जे येत होतं तेच म्हणायची, आणि चुकलं तर चुकले म्हणायची. मला इतकी वर्षं सगळ्या प्रार्थना तोंडपाठ आहेत. मी नाही कधी 'चुकले' म्हटलं."

मी देव मानत नाही. त्या दुपारीही मानायला लागलो नाही. पण आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आलो, आणि ताईच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. रडू आलं ते मी आवरलं नाही.

मग खडू घेतला आणि तिसऱ्या ओळीत अक्षरं आखली. ताईनं काही न बोलता दगडाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. खरं तर इतक्या वजनाच्या दगडाला धरायची काही गरज नसते. मी तिला तसं सांगितलं नाही.

'भा'चा काना सरळ उतरला. 'वि'ची वेलांटी वळवताना ठोक्याला ताल धरावा असं वाटलं. पुटपुटायला लागलो. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक...

अडलो. ताईकडं बघितलं. तिला नक्की येत होतं, पण तिनं सांगितलं नाही. ती दगडावरची पांढरी भुकटी रुमालानं टिपत राहिली.

"चुकलो," मी म्हणालो, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.