पानबाईने दिलेलं मौन

सुभाषचंदने फोन उचलला, तेवढ्यात त्याच्या आईने, पानबाईने, हात पुढे करून फोनचं बटण दाबून धरलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

"पुन्हा धुळ्याला?"

"नुसता भाव विचारतो, बाई."

"भाव विचारता विचारताच मागच्या साली बुडालास."

खरंच बुडाला होता. रुपया घसरू लागला की चांदी चढते, म्हणून चांदी घ्यायची आणि दोन दिवसांत विकून मोकळं व्हायचं, असा त्याचा धंदा. मागच्या वर्षी मोठ्या तेजीच्या आशेने तो थांबला. भाव ठरल्या रेघेखाली गेला तर मला न विचारता वीक, असं धुळ्याच्या दलालाला, तोतारामला, बजावलं होतं. पण भाव रेघेजवळ आला की हा स्वतःच फोन करून रेघ आणखी खाली सरकवायचा. शेवटी थोरला भाऊ प्रेमचंद चारचौघांत म्हणाला होता, "आणखी एकदा बुडालास तर दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे. मग बस माझा मुनीम होऊन."

या खेपेला त्याने निम्मी चांदी चढत्या भावात विकली होती. उरलेली मोठ्या तेजीसाठी ठेवली आणि रेघ खरेदीच्या भावावर आखली. म्हणजे झालाच तर फायदा, नाहीतर नुकसान काही नाही. एवढं शहाणपण त्याला आलं होतं. ते संध्याकाळपर्यंत टिकेल याचा मात्र भरवसा नव्हता.

"आज मौन घे," पानबाई म्हणाली. "सूर्य मावळेपर्यंत."

तो हसला. पण तिने पच्चक्खाण, म्हणजे नियम देण्याचा पाठ, म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्याचे हात आपोआप जुळले. आईसमोर घेतलेला नियम मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

दुपारी फोन वाजला.

"सुभाषभाऊ, भाव खाले ई राहिना! रेघजवळ उना. इकी टाकू का थांबू?"

भाव पडत रेघेजवळ आल्याचं तोताराम एवढ्या ओरडून सांगत होता की फोन नसता तरी धुळ्याहून ऐकू आलं असतं. सुभाषचंदच्या ओठांवर 'थांब' आलंच होतं. पानबाई मूग निवडत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"बोल ना भाऊ! मुका व्हयना का? बरं, ठरेल शे तसं करस."

सुभाषचंदने फोन ठेवला आणि मानेवरचा घाम पुसला. आता चांदी ठरल्याप्रमाणे विकली जाणार, म्हणून त्याला आईचा भयंकर राग आला.

तासाभराने पुन्हा फोन आला. चांदी खरेदीच्या भावाला विकली गेली होती. त्यानंतर रुपया सावरल्याची बातमी आली आणि भाव धडाधड कोसळला होता. सुभाषचंद आईजवळ सतरंजीवर येऊन बसला. निम्म्याचा नफा शाबूत, दुकान आपलंच. कित्येक महिन्यांत त्याला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. त्याने वाकून आईच्या पायांना हात लावला.

"मूग सांडशील," ती म्हणाली.

दिवस मावळता मावळता जिन्यावर प्रेमचंदच्या चपला वाजल्या. बाजार बसल्याचं ऐकून किल्ल्या मागायलाच आला असणार! पण तो दारातच थांबला. सदरा घामाने भिजला होता.

"तुझी विकली गेली?"

सुभाषचंदने मान हलवली.

"सुटलास." प्रेमचंदने टोपी काढून हातात घेतली. "माझीपण होती, तोतारामकडेच. सकाळपासून तीनदा फोन करून मीच रेघ खाली घेतली."

पानबाईने खिडकीबाहेर पाहिलं.

"मावळला सूर्य," ती म्हणाली. "सुभाष, आता बोल काय बोलायचं ते."

बोलण्यासारखं वर्षभराचं साठलं होतं. सुभाषचंदने सतरंजीवर सरकून भावाला जागा करून दिली.