नजरेचा धागा

काचेला हात लावू नका, असं पहारेकऱ्याने दुसऱ्यांदा बजावलं तेव्हा जहिराबीने हात मागे घेतला. डोळे मात्र तिथेच राहिले. काचेआड गनीभाईने, तिच्या बापाने विणलेला डाळिंबी शेला निवांत पसरला होता. त्यात बोटभर रुंदीचा हिरवा पट्टा.

तिचा मुलगा कमरुद्दीन पलटणीत शिंपी. बदली होऊन दिल्लीला आला आणि या सरकारी संग्रहालयात हिंडताना शेला बघून थबकला. हिरव्या पट्ट्याची गोष्ट आईच्या तोंडून ऐकून ऐकून त्याला पाठ होती. पत्रात त्याने एवढंच लिहिलं, "तू सांगती त्यो शेला हितं हाय." नगर-भिंगारच्या पलीकडे कधी न गेलेली म्हातारी दोन दिवस आगगाडीत बसून आली.

दालनात झोपेतल्यासारखी शांतता होती. तिच्या कानांत हळूहळू माग वाजू लागला. ती दहा वर्षांची, वेळ दिवेलागणीची. सुताच्या कांड्या भरून बापाच्या हाती देणं हे तिचं काम. पेंगता पेंगता तिने डाळिंबीच्या जागी हिरवी कांडी दिली. सकाळी पट्टा पाहून ती रडरड रडली, तेव्हा बाप म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे पोरी. नजरेचा धागा हाय त्यो." दृष्ट लागू नये म्हणून विणकर एखादा धागा वेगळा टाकत, तसाच हा, असं तिने धरलं. शेला लग्नघरी पोचला आणि गनीभाई पुन्हा मागावर बसला नाही. आपल्या चुकीने माल नापसंत झाला, बापाचा हात आपणच मोडला, हे जहिराबीने चव्वेचाळीस वर्षं उराशी धरलं होतं.

आता ती पट्टा निरखू लागली. दृष्टीला एक धागा पुरतो. इथे तर अख्खी कांडी संपली होती. एका धाग्याची चूक पकडणाऱ्या बापाला रंग बदललेला दिसला नाही? मग तिला बाजारातली बोरं आठवली. पिकलेली तूच निवड, म्हणायचा तो. लाड करतोय, असं तिला वाटायचं.

नजर. बापाने खरं तेच सांगितलं होतं, तिनेच भलती नजर समजून घेतली. लाल-हिरवं त्याला वेगळं दिसतच नव्हतं, आणि म्हणूनच त्याने माग सोडला होता. उरावरचा धोंडा उतरला आणि त्याच्या जागी बापाची माया दाटून आली.

इतक्यात एक अधिकारी पाहुण्यांना घेऊन आला. हा पट्टा मुद्दाम घातला की चुकून, यावर जाणकारांचं एकमत होत नाही, असं तो सांगत होता. विणणाऱ्याची लेक ही उभी आहे, असं कमरुद्दीनने मोठ्या तोऱ्यात सांगताच सगळे वळले. अधिकाऱ्याने तिलाच विचारलं.

जहिराबीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मुद्दाम," ती म्हणाली. "लई बारीक नजर हुती माज्या बापाची."

काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. ती पदराने पुसून जहिराबी बाजूला झाली, पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून.